चिक्कवरू

मला पुढाऱ्यांचा मुळातच तिटकारा. तरी एचएसआर लेआउटच्या बागेत रोज सकाळी भेटणाऱ्या त्या माजी मंत्र्यांची मी वाट बघायचो. बाक रिकामा असला तरी ते अगदी कडेला अंग चोरून बसत. वडील राज्यातलं बडं प्रस्थ. त्यांच्यामागून हेही निवडून आले, मंत्री झाले, मग एकदा पडले आणि घरी बसले. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरातच. मी बागेत फोनवर बोलताना माझं पुणेरी मराठी ऐकून त्यांनीच पहिल्यांदा हाक मारली होती, "स्वल्प बसा की इथं."

लोक त्यांना काय म्हणायचे, असं मी एकदा विचारलं.

"चिक्कवरू," ते हसले. "कन्नडात धाकले. वडील दोड्डवरू, थोरले. मी मंत्री झालो, केस पिकले, तरी गावोगाव चिक्कवरूच! फार राग यायचा हो." मग काठीनं मातीत रेघा ओढत म्हणाले, "वडील गेले, ती माणसंही गेली. आता सगळे सर म्हणतात. धाकला म्हणणारं कुणी उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी बागेत शिरताच मी लांबूनच म्हटलं, "नमस्कार, चिक्कवरू!"

ते लगबगीनं उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या मागं, फाटकाकडे बघत उभे राहिले. थोरले अजून गाडीतून उतरायचे असावेत तसे.