चौकीतल्या बाटल्या

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्त झाल्यावर वही आणली, धरणाचं काम कसं चालतं ते पानभर लिहिलं आणि थांबलो, कारण पुढे माझी पाळी येत होती. आजही सकाळपासून दोनदा उठलो, कपडे वाळले का ते पाहून आलो. आता बसतो.

रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याला एक जुनं मातीचं धरण आहे, त्याच्या पायाशी छोटंसं वीजघर. मी तिथे शाखा अभियंता होतो. मातीचं धरण थोडं पाझरतंच. तो पाझर पायथ्याच्या चरीत जमतो, तो मोजून वहीत नोंदवायचा. पाणी नितळ असेल तर काळजी नाही. गढूळ झालं, तर धरणाच्या पोटातली माती वाहून चालली आहे.

मोजायचं काम चौकीदारांकडे होतं. खालच्याच गावचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांची एक पद्धत होती, कुठल्या नियमावलीत नसलेली. दर सोमवारी ते चरीतलं पाणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचे, वर तारखेची चिठ्ठी डकवायचे आणि बाटली चौकीच्या खिडकीत ठेवायचे.

"डोळ्याला नितळ दिसलं तरी आठ दिस ठेवून बगायचं," ते म्हणायचे.

वीजघरातली माणसं चेष्टा करत. "काय वो, काजूची दारू काय ही? आमाला पन घोटभर द्या की!" मीही एकदा म्हणालो, "धरणाचं रक्त तपासायला दवाखाना काढलात की काय?"

ते हसले. "रोगी बोलत न्हाय ना साहेब. मग बगायला लागतं."

त्या वर्षी दिवाळी झाली, धरण काठोकाठ भरलेलं होतं. एका दुपारी त्यांनी मला चौकीत बोलावलं आणि बाटल्या ओळीने दाखवल्या. सगळ्यांत जुन्या बाटलीचा तळ स्वच्छ होता. पुढच्या एकेका बाटलीत तांबडा थर वाढत गेला होता. शेवटच्या बाटलीत तो नखाएवढा जाड होता.

"पानी नुसतं येत न्हाय, साहेब. धरणाला घेऊन येतंय."

"वर कळवतो," मी म्हणालो.

कळवलं नाही. माझी रत्नागिरी शहरात बदली व्हायची होती, हुकूम टेबलावर आला होता. पाझरात माती सापडली असं लिहिलं असतं तर पाणी उतरवा, वीजघर बंद करा, दुरुस्ती करा, आणि ते पुरं होईपर्यंत मी तिथेच. मला घरी यायचं होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

तपासणीला वरिष्ठ यायचे होते. आदल्या दिवशी मी चौकीदारांना चौकी साफ करायला लावलं. सकाळपासून त्यांनी झाडलं, पुसलं, भिंतीला चुना लावला. दुपारी ते जेवायला घरी गेले. मी चौकीत शिरलो, बाटल्या एकेक करून ओतल्या, चिठ्ठ्या खरवडल्या, विसळून बाटल्या उपड्या मांडल्या. एकही बाटली फुटू दिली नाही.

ते परत आले आणि दारातच थबकले.

"बाटल्या कोनी धुतल्या?"

"कोणी म्हणजे? सकाळपासून साफसफाई तुम्हीच तर करताय."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांना चुना होता. मग लगबगीने जाऊन त्यांनी एक बाटली भरून आणली, उजेडात धरली आणि परत ओतली. थर बसायला आठ दिवस लागत, आणि वरिष्ठ दुसऱ्याच दिवशी यायचे होते. वरिष्ठ आले तेव्हा चौकीदार मागे उभे राहिले. दाखवायला हातात काही नव्हतं. वहीत मी लिहिलं, 'पाझर नितळ.' खाली सही केली.

मी शहरात आलो. माझी जागा रिकामीच राहिली. त्या दिवसानंतर चौकीदारांनी बाटल्या भरायचं सोडलं, हे मला नंतर कळलं.

पुढच्या श्रावणात धरणाच्या मागच्या उताराचा एक पट्टा खचला. खालच्या गावची माणसं शाळेत हलवली आणि पाणी सोडून दिलं. धरण वाचलं, माणसं वाचली. लावणी झालेली भातशेती मात्र गाळाखाली गेली. चौकशीत चौकीदारांनी बाटल्यांचं सांगितलं. बाटल्या काढल्या, तर सगळ्या धुतलेल्या. मला बोलावून विचारलं, त्यांनी तुम्हाला गढूळ पाण्याबद्दल सांगितलं होतं का?

"माझ्या स्मरणात नाही," मी म्हणालो.

त्यांना कामावरून काढलं. गावात लोक तोंडावर म्हणत, "धरन राखायला ठेवला, तर हा बसला बाटल्या धूत!"

पावसाचा जोर वाढला की मला घरात बसवत नाही, खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या चालू होतात. अशाच एका दिवसानंतर मी एसटीने जयगडला गेलो. त्यांचा मुलगा तिथल्या बंदरात कामाला, ते त्याच्याकडे राहत. वाटेत बोलायचं वाक्य मनात घोकत होतो. त्यांनी मला लगेच ओळखलं. सुनेने पाणी आणलं. तिच्या हातातून ग्लास घेऊन त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला, तळ पाहिला आणि मग मला दिला.

"सवय, साहेब," ते ओशाळून म्हणाले. मग म्हणाले, "एक इचारू? त्या बाटल्या मीच धुतल्या काय वो? त्या दिवशी सगलाच धूत होतो. लोकं म्हनतात, बायको पन म्हनायची. आता माजं मलाच कळत न्हाय."

इतकी सोपी संधी मला पुन्हा कधी मिळणार नव्हती.

"जुनी गोष्ट झाली," मी म्हणालो. "आता कोणाला आठवतंय." पाणी प्यालो, ग्लास खाली ठेवला, "येतो" म्हटलं. मला पोचवायला ते काठी टेकत रस्त्यापर्यंत आले.

पुढच्या वर्षी ते गेले. एसटीत घोकलेलं वाक्य अजून तसंच आहे: दादा, तुमचं काही चुकलं नाही, बाटल्या मी धुतल्या, मला माफ करा.