सोमवारचा समोसा

फोन नीट कानाला लाव. लातूरला ऱ्हाऊन तुला आत्याची आठवण फक्त भांडण मिटवायलाच येती व्हय गं? एका समोशापायी तीस वर्षांची मैत्रीण तोडली म्हणतीस. पुरं ऐक, मग बोल.

नांदेडचं विमानतळ. सोमवार सकाळ. मी आन शोभा दिल्ली बघायला निघालेलो. दोघी पहिल्यांदाच विमानात बसणार. आत स्वस्त खाण्याचं काउंटर दिसलं तशी शोभा लेकरावानी हरखली. मला वाटलं होतं हितं पाणीबी परवडायचं न्हाई, म्हणली. चहा आन समोसे घेऊन आली. उभ्या उभ्या दोन खाल्ले. चटणी बोटानं पुसून खाल्ली.

मी डबा उघडला. पहाटे उठून धपाटे केले होते. तिला तिखट सोसत न्हाई म्हणून मिरची बेतानंच. डबा तिच्याम्होरं धरला.

तिनं ओठावरचा चुरा पुसला.

"नको गं. आज सोमवार न्हाई का माझा?"

लाजली न्हाई, अडखळली न्हाई. सवयीनं बोलून गेली. आन माझ्या डोळ्याम्होरं तीस वर्षं उभी ऱ्हायली.

ती महादेवाची भक्त, आडतीवाल्याची लेक. आम्ही बौद्ध. उमरीच्या दवाखान्यात दोघी नर्स. किती बायांची बाळंतपणं केली आम्ही; एकाच रक्तात चारी हात माखले. पण माझ्या घरी आली की तिला उपवास. सोमवार न्हाई तर प्रदोष, प्रदोष न्हाई तर कसला तरी नवस. मी नव्या कढईत साबुदाणा करायची. तर घरून फराळ करून आले म्हणायची. केळं तेवढं खायची. स्वतःच्या हातानं सोलून. आन मी येडी लेकरांना सांगायची, बघा, मावशीची भक्ती किती कडक.

भक्ती. सालीत गुंडाळलेली.

मी इचारलं, "शोभे, समोसा कुणी तळला, इचारलंस का?"

ती डब्याकडं बघंना, माझ्याकडंबी बघंना. मग बारीक आवाजात म्हणली, "तुम्हा लोकांचं हेच. जिथं तिथं तेच आणता."

तुम्हा लोकांचं. तीस वर्षं मी 'तू' होते. एका धपाट्यात 'तुम्ही लोक' झाले.

अनोळखी हाताचं चाललं तिला. फक्त माझ्या हाताची जात माहीत होती.

मी तिथंच बसून धपाटे खाल्ले. सगळे. विमानात शेजारी शेजारी बसलो. ढग तिनंबी बघितले, मीबी बघितले.

परवा फोन आला तिचा. झालं गेलं सोड, चहाला येते म्हणली. मी म्हणलं, "ये. पण ताटाला बसणार असशील तर. उपवास असला तर घरीच थांब."

तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावला न्हाई, लावणारबी न्हाई. तूबी मधी पडू नको. माझ्या चुलीला नाक मुरडणाऱ्याला आता माझ्या दारात सतरंजी न्हाई. मग ती देवाचं नाव घेऊन येवो, न्हाई तर मैत्रीचं.

तू मात्र ये गं बाई. लवकर ये. क्लासला सुट्टी पडली की पहिली एसटी धर, आन येताना वाटंत काही खाऊ नको.