डॉक्टर सांगतील

परीक्षा जवळ आली की वहिनीच्या पायाला भिंगरी लागते. रात्रपाळी करून आली तरी बसत नाही. ओट्यापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या, हातात फडकं आणि तोंडात इंग्रजी. दादा परदेशात कामाला आहे. तिथल्या एका इस्पितळात वहिनीसाठी जागा धरून ठेवलीय, पण परिचारिकांची इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय ती मिळायची नाही. दोनदा आपटली. या खेपेलाही आपटली तर जागा दुसऱ्या कुणाला जाईल. दादा फोनवर "टेन्शन घेऊ नकोस" म्हणतो, की ही आणखी जोरात भांडी घासते.

लिहिणं, वाचणं, ऐकणं जमतं. घोडं पेंड खातं ते बोलण्यात. तिथे एक बाई पेशंट होऊन समोर बसते आणि हिने पाच मिनिटं तिच्याशी बोलायचं. घरी ती पेशंट मी, म्हणजे तिची नणंद. हातात पेशंटचे प्रश्न लिहिलेलं कार्ड, मोबाइलवर गजर. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारते, "सिस्टर, मला घरी कधी सोडणार?" वहिनी माझी नाडी धरते, उशी नीट करते आणि म्हणते, "डॉक्टर सांगतील." संपलं! उरलेला वेळ आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसतो.

"अगं, बोल ना काहीतरी!" मी खेकसते.

"काय बोलू? आमच्याकडे सिस्टरने पेशंटला काही सांगितलं तर मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर सालटी काढतात. नोकरीला लागल्यापासून हे एकच वाक्य बोलतेय मी."

परीक्षेतही तिने दोन्ही वेळा हेच केलं. दुसऱ्यांदा तर त्या बाईच्या कपाळाला हात लावून ताप बघितला म्हणे. मला हसू आवरेना. मग तिचा चेहरा दिसला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई पलंगावरून हे सगळं ऐकते. साखरेमुळे तिच्या पायाची जखम भरत नाही. वहिनी रोज ती धुऊन पट्टी बांधते. जखम बघितली की मला भोवळ येते, म्हणून नेमकी त्याच वेळी मी कपडे वाळत घालायला जाते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वहिनी सकाळपासून तीच तीच कार्डं उलटसुलट करत होती. शेवटी मी वैतागले. "आज आई पेशंट. नाहीतरी पडूनच आहे."

"मला कुठे येतं इंग्रजी?" आई म्हणाली.

"आपल्या भाषेत विचार. हिचं तोंड उघडलं म्हणजे झालं." मी गजर लावला.

आईने छताकडे बघत विचारलं, "तू गेल्यावर माझा पाय कोण बांधणार?"

कार्डावर असलं काही नव्हतं. वहिनी पट्टीचं सामान घेऊन उभी होती. सवयीने म्हणाली, "डॉक्टर..." आणि थांबली. मग स्टूल ओढून बसली.

"कधीपासून मनात आहे हे, आई?"

"पहिल्या परीक्षेपासून. देवाला म्हणते, ही पास होऊ दे, आणि लगेच नको म्हणते."

"मलाही भीती वाटते. नापास होण्याची वाटते, तशीच पास होण्याचीही. जखम लवकर भरेल असं खोटं नाही सांगणार तुम्हाला. पण वाऱ्यावर सोडून जाणार नाही."

मग रात्री कुठे ठणकतं, झोप का लागत नाही, सगळं तिने विचारलं, आणि आई बोलत राहिली. गजर वाजला, वाजून बंद पडला. वहिनीने पट्टीचं सामान उघडलं, तशी मी हळूच कपड्यांची बादली उचलली.

"बादली ठेव खाली," वहिनी वळूनही न बघता म्हणाली. "हात धुऊन ये. आज पट्टी तू सोडायचीस."

मी हात धुऊन आले तेव्हा आईने पाय माझ्या बाजूला सरकवून ठेवला होता.