काकाजींच्या हातातलं बटण

डावा तळहात छातीवर सपाट ठेवायचा, मान वर करून काचेपलीकडच्या माझ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "बराबर हाय, भाऊ." त्याशिवाय ते वाचायला लागायचे नाहीत. वाचून झालं की पुन्हा तेच, फक्त आता प्रश्न असायचा. "बराबर हाय, भाऊ?"

तुम्ही नागपूरकडचे असाल तर हा माणूस तुम्ही पाहिला नसेल, पण ऐकला नक्की आहे. सणासुदीला गल्लीतून भोंगा लावलेला ऑटो जातो, साड्यांचा सेल, संत्रा बर्फी, गुडघेदुखीचं तेल. त्यातला जो भारदस्त आणि तरीही घरातल्या मोठ्या माणसासारखा वाटणारा आवाज, तो यांचा. मी त्यांना काकाजी म्हणायचो. कामठीहून शेअर ऑटोने यायचे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. माइकसमोर बसले की पुस्तकातलं मराठी, आणि माइक बंद झाला की "चहा सांगून राहिले का भाऊ?"

माझंही सांगतो. मी लग्नाच्या मांडवात भोंगे बांधून वर आलो. वायर सोलायला दात वापरत होतो तेव्हापासूनचा धंदा आहे. आता स्वतःचा स्टुडिओ आहे, छोटा का असेना. फुकट मला कोणी काही दिलं नाही, म्हणून मीही कोणाला सहजासहजी काही देत नाही. घासाघिशीत मला हरवणारा अजून भेटायचा आहे. आणि राग नाकावर, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल.

काकाजींवर तर मी रोज ओरडायचो. एक टेक जास्त द्या, हा शब्द पुन्हा म्हणा, आज दोनच्या ठिकाणी तीन जाहिराती वाचा. बाकीचे आवाजवाले वाद घालतात, तोंड पाडतात. काकाजी माझं पूर्ण ऐकून घ्यायचे, शांत चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहायचे आणि शेवटी म्हणायचे, "बराबर हाय, भाऊ." मी खूश. मला वाटायचं, इतक्या वर्षांत एक तरी माणूस भेटला ज्याला माझं म्हणणं पटतं.

एका बाबतीत मात्र त्यांनी माझं ऐकलं नाही. त्यांना बटण हवं होतं.

आमची पद्धत अशी होती. मी माझ्या खोलीत मशीनवर बसायचो, ते काचेपलीकडच्या खोलीत. माझ्या माइकवर मी बोललो की ते त्यांच्या हेडफोनमध्ये जायचं. मी "घ्या" म्हणून रेकॉर्डिंग सुरू करायचो आणि ते वाचायला लागायचे. पण त्यांचं काहीतरी चुकायचं. कधी मशीन सुरू व्हायच्या आधीच वाचायला लागत आणि पहिला शब्द कापला जाई, कधी मी "घ्या" म्हणून बसलो तरी हे आपले कागदाकडे बघत. मग मी ओरडायचो.

एक दिवस म्हणाले, "भाऊ, मशीन चालू करायचं बटण माझ्या हाती द्या न. मी दाबीन, मी वाचीन, मीच बंद करीन. आन् वर एक दिवा लावा. चालू हाय का बंद, दिसलं पायजे."

"मशीन माझी आणि बटण तुमच्या हाती काहून?" मी एकेक शब्द तोडत विचारलं. "उद्या म्हणाल खुर्चीही द्या!"

"खुर्ची नको. बटण द्या."

माझ्यासमोर मागणी धरून बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. एवढ्या वर्षांत त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं, म्हणून असेल, मी तयार झालो. सीताबर्डीला सुट्या भागांच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मी तिथे भाव पाडत होतो, "याचा स्प्रिंग ढिला आहे, रंग उडालेला आहे," आणि काकाजी शेजारी उभं राहून दुकानदाराला सांगत होते, "वा! काय झ्याक बटण हाय!" दुकानदार हसला आणि एक रुपयाही कमी करेना. रस्त्यावर आल्यावर मी त्यांना असं झापलं की शेजारचा पानठेलेवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"बराबर हाय, भाऊ," काकाजी म्हणाले.

बटण मीच बांधलं. काम सोपं आहे. रेकॉर्डिंग मशीनच्या मागे पायाने दाबायच्या स्विचसाठी एक खाच असते. तिच्यात बसणारी पिन, दोन तारांची लांब वायर आणि दुसऱ्या टोकाला बटण. दोन तारा क्षणभर एकमेकींना भेटल्या की मशीन सुरू, पुन्हा भेटल्या की बंद. पण ते बटण एकदा दाबलं की दबूनच राहणारं निघालं. असलं बटण लावलं की मशीन सुरू व्हायची आणि बंद व्हायला तयार नसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्डीला, पुन्हा भांडण, आणि मग सोडल्यावर आपोआप वर येणारं जाड लाल बटण आणलं. ते साबणाच्या डबीला भोक पाडून बसवलं, तारांना कथलाचे डाग दिले, वायर दाराखालून आत नेली, वर इवलासा दिवा.

काकाजींनी बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तेव्हा समजलो नाही. मला वाटलं, म्हातारा खेळणं मिळाल्यासारखा खूश झाला.

त्या दिवसापासून त्यांचा एकही पहिला शब्द कापला गेला नाही. मी हे श्रेय माझ्या बटणाला दिलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. त्या दुपारी साड्यांच्या दुकानाचे मालक स्वतः आले होते, माझ्या शेजारी बसून ऐकत होते. काकाजी आत, कानावर हेडफोन, नजर कागदावर, दिवा लागलेला. त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डातून एकदम ठिणगी उडाली आणि काळा धूर निघायला लागला. पडद्याच्या कापडाने भिंत मढवलेली. मी माझा माइक दाबला आणि ओरडलो, "काकाजी, बाहेर या! मागे आग लागून राहिली!"

ते वाचत राहिले.

मी आवाजाची खुंटी पूर्ण फिरवली. माझा तो आवाज त्यांच्या कानात असा गेला असेल की दुसरा माणूस हेडफोन फेकून उठला असता. काकाजी छातीवर हात ठेवून, हसऱ्या आवाजात, "आपल्या लेकीसुनांसाठी खास" असं वाचत होते. धूर त्यांच्या खांद्यापर्यंत आला होता. मी काच बडवली. त्यांनी शेवटचं वाक्य शांतपणे पूर्ण केलं, बटण दाबलं, दिवा विझला. मग त्यांनी मान वर केली, काचेवर मुठी आपटणारा मी त्यांना दिसलो आणि ते हसून म्हणाले,

"बराबर हाय, भाऊ?"

 मेन स्विच दुकानाच्या मालकांनी पाडला, मी नाही. मी आत धावून काकाजींना दंडाला धरून ओढलं तेव्हा त्यांनी वळून धूर पाहिला. ज्वाळा नव्हत्या, भिंतीवरचं कापड जरा जळलं, एवढंच. पण मालक म्हणाले, "अहो, हे बहिरे आहेत काय?"

काकाजी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवला. "हो," म्हणाले. चपला घातल्या आणि गेले.

ते पुन्हा स्टुडिओत आले नाहीत. मी मेसेज टाकले, त्यांनी वाचले, उत्तर नाही.

मला आधी धक्का बसला आणि मग त्याच्यामागून राग आला. ज्या माणसाला काही ऐकूच येत नव्हतं त्याच्याशी मी इतकी वर्षं वाद घालत होतो? मी जिंकलेली सगळी भांडणं समोरच्याच्या कानापर्यंत पोचलीच नव्हती? तुम्हीच सांगा, ही फसवणूक नाही तर काय? मी गाडी काढली आणि कामठीला गेलो.

काकाजी घरासमोरच्या ओट्यावर उन्हात बसले होते. काकी शेजारी मेथी निवडत होत्या. मी गाडीवरूनच सुरुवात केली, "काकाजी, तुम्ही मला फसवलं! एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी डोळे बारीक केले. "हळू बोला भाऊ. तुम्ही ओरडता तवा तुमचं तोंड वाकडं होते. मले वाचता येत नाही."

मी गाडीवरून उतरलो. हळू बोललो. "म्हणजे मी आजवर जे ओरडलो..."

"त्यातलं काही समजलं नाही. राग आला, एवढं दिसे."

"मग बराबर हाय काहून म्हणत होते?"

"मालक ओरडून राहिला तर दुसरं काय म्हणाव?"

"मलेही तेच म्हणतात," काकी म्हणाल्या. "मी भाजीचं विचारो का भांडो."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते पॉवरलूमवर होते. "लूमच्या खटखटीत कोण ऐकते भाऊ? तिथं सगळे एकमेकाचे ओठच वाचतात. कान कवा गेले, मले पत्ताच नाही लागला. तिथं ते लागतच नव्हते." स्वतःचा आवाज त्यांना छातीवरच्या हाताला कळायचा. माझं "घ्या" तेवढं कळत नव्हतं, कारण ते म्हणताना मी मान खाली घालून मशीन बघत असे.

"बरं, झालं ते झालं," मी म्हणालो. "सोमवारपासून या. दुकानदाराला मी बघतो. बटण आहे, दिवा आहे, अडतंय कुठे?"

काकाजींनी मान हलवली. "बटण माझी सुरुवात करून देते. चुकलो का नाही, ते कोण सांगते? काचंमागं तुमचा चेहरा लाल झाला का मी समजो, शब्द घसरला. मग पुढच्या वेळी सुधरवो. तो चेहरा होता म्हणून मी इतकी वर्षं वाचलं. आता तुमाले माहीत झालं. आता तुम्ही माझ्यावर ओरडान का?"

"ओरडीन! का नाही ओरडणार?"

"नाही ओरडणार," ते म्हणाले. "आत्ताच पाहा न, किती हळू बोलून राहिले."

 काकींनी चहा दिला, मी तो प्यालो. काकी पिशवी घेऊन बाजाराकडे निघाल्या आणि काकाजी ऊन लागतंय, आत जाऊन पडतो म्हणाले. मी गाडीला किक मारली.

चौकापर्यंत आलो आणि मला आठवलं. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं होतं. त्यात काकाजींनी दुकानाचं नावच चुकीचं वाचलं होतं. एवढा धूर, एवढा गोंधळ, ते बहिरे आहेत हे कळलेलं, आणि तरी ते नाव ऐकून माझं डोकं असं तापलं होतं की मी रिकाम्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर ओरडलो होतो. हाच तर पुरावा! याच्यापुढे त्यांचं काही चालणार नव्हतं.

मी गाडी वळवली. दार आतून लावलेलं होतं. कडी वाजवली. मग मुठींनी बडवलं. "काकाजी! दुकानाचं नाव चुकलं तुमचं! कळतं का, नाव चुकलं!" शेजारपाजारची माणसं बाहेर आली. माझा चेहरा तेव्हा नक्की लाल झालेला असणार, त्यांना हवा होता अगदी तसा. पण मध्ये काच नव्हती, दार होतं.