टॉकीभाऊंची साडेपाचची गाडी

टॉकीभाऊ सिनेमा सांगताना गाणी म्हणत नसत. "इथी गाणं हाय," एवढं सांगायचे आणि गप्प बसायचे. गाणं जेवढं लांब तेवढा वेळ ते मुकाट्यानं फाटकं जाळं विणत, आणि तळ्याच्या पाळीवर जमलेले आम्ही सगळे त्या न ऐकू येणाऱ्या गाण्याला मान डोलवत बसायचो. मध्येच कुणी खोकलं, तर भाऊ त्याच्याकडे असे बघत की पुढचा खोकला त्यानं घरी जाऊन काढावा.

भाऊ मूल तालुक्यातल्या आमच्या गावातले ढीवर, मासे धरणारे. दर रविवारी तळ्यातले मासे घेऊन गाडीनं चांद्याला जात, दुपारपर्यंत टोपली रिकामी करत आणि टॉकीजमधला तीनचा खेळ गाठत. मासळीच्या वासानं आजूबाजूच्या खुर्च्याही रिकाम्या व्हायच्या. चांद्याचे लोक आपल्याला मान देतात, अशी भाऊंची समजूत होती. सोमवारी दिवेलागणीला गावाला अख्खा सिनेमा मिळे, वर डायरेक्टरची खरडपट्टी. "जाळं टाकते भारी, पण ओढता येत नाई," हे बहुतेक सगळ्या डायरेक्टरांबद्दल त्यांचं मत. हीरो मरताना फार बोलला की त्यांना खपत नसे. "मरून राह्यला अन् भाषण देऊन राह्यला! या डायरेक्टरनं मरता माणूस पायलाच नाई."

मी तेव्हा विशीची. नवऱ्यानं दुसरी घरात आणून मला माहेरी धाडलं, त्याला दोन वर्षं झाली होती. एका सोमवारी भाऊंनी तशाच एका बाईची गोष्ट सांगितली. नवरा टाकतो, ती नर्स होते, आणि काही वर्षांनी तोच नवरा आजारी पडून तिच्याच दवाखान्यात येतो. बरा झाल्यावर म्हणतो, घरी चल. इथे भाऊंनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "तिनं त्याले पाणी देलं. सासूची तब्येत इचारली. अन् आपल्या ड्युटीवर गेली. खतम."

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "बाई हुशार होती." तेवढ्यावर मी धीर केला आणि चांद्याच्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज केला. तो पोचवला भाऊंनीच, माशांच्या टोपलीत. कागद वासानं नक्कीच ओळखू येत असणार, पण मला बोलावणं आलं.

नेमका तेव्हाच नवऱ्याचा निरोप आला, शिवरात्र झाली की न्यायला येतो. आई लगेच विरघळली. बाबांचं काही ठरेना. आणि शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तंबूत लागला होता तोच सिनेमा! सगळं गाव भाऊंना पुढे घालून बघायला गेलं. शेवटी त्या बाईनं डोक्यावरची पांढरी टोपी काढून ठेवली, नवऱ्याच्या पायांवर डोकं टेकलं आणि त्याच्या मागून निघाली.

बाहेर येताच बाबांनी भाऊंना गाठलं. "थे बाई तं गेली, भाऊ. तुमी आमाले काय सांगतलं होतं?"

भाऊ कधी नव्हे ते खाली बघायला लागले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "माही गाडी साडेपाचची असते. शेवट मी पायलाच नाई."

"या सिनेमाचा?"

"कोणत्याच सिनेमाचा नाई."

लोक पोट धरून हसले. इतकी वर्षं डायरेक्टरांना अक्कल शिकवणारा माणूस! मी हसले नाही. मला भयंकर राग आला होता. "मंग हे काऊन बनवून सांगतलं?" मी विचारलं.

"टेशनापर्यंत चालता चालता इचार केला, आता या बाईनं काय कराव. तू डोळ्यासमोर होती." मग बाबांकडे वळून म्हणाले, "त्या डायरेक्टरले पोरगी नसन. तुमाले हाय."

जत्रेनंतर चौथ्या दिवशी नवरा आमच्या दारात उतरला, तेव्हा मी चांद्याला होते. बाबांनी स्वतः नेऊन सोडलं होतं. नवऱ्याला पाणी बाबांनीच दिलं, आणि त्याच्या आईची तब्येतही विचारली म्हणे.

पुढे मला दवाखान्याचं क्वार्टर मिळालं. मी भाऊंच्या मागे लागले की एकदा मुक्कामाला राहा आणि एक सिनेमा तरी पूर्ण बघा. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "पूर्ण पायला, तं मंग गावाले सांगू काय?" माझ्या हातचा चहा घेऊन ते साडेपाचच्या गाडीनं गेलेच.

भाऊ वारले त्या दिवशी मी ड्युटीवर होते. निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. बापासाठी रडावं तशी रडले. शेवटी त्यांचं काय झालं, काय बोलले, हे आई सांगायला लागली की मी तिला थांबवते. मी ते माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. टोपली रिकामी झाली होती, आत सिनेमा अजून चालू होता, आणि भाऊंना गाडी मिळाली.