सेनापतींच्या चरित्रातून गाळलेलं पान

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी करणीच्या लिंबाचं सरबत करून वर्गाला पाजलं होतं, त्या मुशीतला मी. तरीही हे लिहितोय, कारण आता दुसरं काही सुचत नाही...

मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांचे पूर्वज सेनापती. दोन चुलतभावांत गादीवरून यादवी पेटली, तेव्हा धाकट्याला या सेनापतींनी गादी जिंकून दिली. काकांना त्यांचं चरित्र छापायचं होतं आणि मला मोडी वाचता येते. घरातले कागद मी वाचायचे, टाइप करायचे — बदल्यात दोन वर्षं खोली आणि दोन वेळचं जेवण. त्याच खोलीत अभ्यास करून मी सरकारी लिपिकाची परीक्षा पास झालो. ते उपकार आजही नाकारत नाही.

अगदी शेवटी एक यादी निघाली. लढाई संपल्यावर शरण आलेल्यांना सेनापतींनी नदीकाठी ओळीने बसवलं आणि प्रत्येकाचा उजवा अंगठा तोडवला. पुन्हा तलवार धरता येऊ नये म्हणून. सगळी आपल्याच मुलखातली माणसं. दीड पान नावं, गावासकट. त्यात एक आमच्या गावचं, आमच्याच आडनावाचं.

काका जेवत होते. मी वाचून दाखवलं.

"ते पान गाळ."

"पण काका, कागद अस्सल आहे..."

"म्हणूनच गाळ. लोकांपुढे सेनापती न्यायचेत, खाटीक नाही." मग हसले. "तुझा बाप सहीच्या जागी अंगठाच लावतो ना रे? म्हणजे उगवला की परत!"

काकूही हसल्या. मीसुद्धा हसलो. आणि टाइप केलेलं ते पान त्याच संध्याकाळी स्वतः डिलीट केलं.

पुढच्या सोमवारी अंधेरीला नोकरीची पडताळणी होती. परीक्षेच्या वेळी घेतलेला उजव्या अंगठ्याचा ठसा जुळवायचा होता.

"नीट ठेवा ना अंगठा!"

"ठेवलाय मॅडम."

"मशीन म्हणतंय, काहीच ठेवलेलं नाही."

त्यांनी स्वतःचा ठेवून पाहिला — लगेच हिरवा दिवा. शेवटी शाईचं पॅड आणलं. माझा अंगठा निळा झाला, कागदावर दाबला, उचलला... कागद कोरा. तीनदा. बाकीची नऊ बोटं व्यवस्थित उमटली.

"परीक्षेला डमी बसवला होतास काय?" साहेब सगळ्यांसमोर ओरडले. नोकरी गेली.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. "रेषा छान आहेत. प्रॉब्लेम काय आहे?"

काकांच्या पाया पडलो, म्हटलं, ते पान परत घाला. ते म्हणाले, "पुस्तक छापून आलंय. आणि मूळ कागद निर्माल्याबरोबर खाडीत सोडला मी. तुझा भरवसा नव्हता." मग चहा संपवून म्हणाले, "महिनाअखेर खोली रिकामी कर."

ठसा का उमटत नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. हे वाचणाऱ्या कुणाकडे त्या यादीची नक्कल असली, तर कृपया कळवा. मी सगळी नावं वाचली होती, एकेक करून टाइप केली होती. आता फक्त आमचंच आठवतं.