वर्दीपुढं न सांगितलेलं नाव

शिफ्ट सुटली तेव्हा कंपनीच्या गेटाशी गर्दी होती. कुणी म्हातारा चक्कर येऊन पडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला, एवढंच कळलं. त्याची पिशवी गेटापाशीच राहिली होती. मामीच्या जुन्या लुगड्याची ती पिशवी मी लगेच ओळखली... मामा मला भेटायला भांडगावहून शिक्रापूरला आले होते. मी भिंतीपलीकडं मशीनवर होतो. त्यांनी गेटावरच्या वर्दीतल्या वॉचमनला नुसतं माझं नाव सांगितलं असतं, तर मी धावत त्यांच्यापाशी पोचलो असतो.

महिना होत आला, तरी मी त्यांच्यावर चिडलेलोच आहे. वर्दीतल्या माणसाला नाव-गाव सांगायचं नाही, हा आमच्या आजोळचा नेम. ही माणसं मूळची पुरंदरच्या डोंगरातली, मेंढरं राखणारी. तिथं इंग्रजांविरुद्ध उठलेलं बंड मोडलं, तेव्हा बंडवाल्यांना भाकरी कुणी दिली हे विचारत त्यांची पलटण वाडीवाडीत शिरली. वाडीनं तोंड उघडलं नाही. बायकांनी तर स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही. पलटणीनं घरं जाळली, मेंढरं हाकून नेली आणि उरलेली माणसं खाली या मुलखात येऊन राहिली... हे सांगताना मामा आवाज एवढा हळू करायचे, की पलटण अजून बांधावर उभी आहे असं वाटावं.

आम्ही पोरं त्यांची टर उडवायचो. एसटीचा कंडक्टर खाकीत, म्हणून पुण्याहून येताना मामा पुढच्या चौफुल्याचं तिकीट काढायचे आणि आधीच भांडगावला उतरायचे.

“मामा, आता राज आपलं हाय,” मी म्हणायचो.

“व्हय रं. पर वर्दी तीच हाय न्हवं?”



दहाव्याला गेटावरचा वॉचमन आला, साध्या कपड्यांत. नांदेडकडचा, माझ्याच वयाचा. मामीसमोर मान खाली घालून बसला.

“मावशी, मी लई विचारलं, कुणाकडं आलात, नाव काय. ते नुसते बघत राहिले. माझा हात मात्र घट्ट धरून होते.”

 मामी पदरानं तोंड पुसून म्हणाली,

“सखाराम... सखाराम नाव व्हतं त्यांचं, बाळा.”

उखाण्यावाचून मामांचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.